दंडावरचा गुलाबी

कापड रंगवायच्या कारखान्यात तिला सगळे मिरची म्हणायचे, आणि ते काही उगाच नव्हतं, जीभच तशी तिखट. रंग कालवला की आधी थेंबभर स्वतःच्या दंडावर चोळायचा, छटा पटली तरच कापड हौदात. कोपराखालचा हात कायम रंगलेला, म्हणून दंड. अख्खी हयात असंच काम केलं तिने.

पुढे साखरेचं दुखणं मागे लागलं. डॉक्टरांनी दंडाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी कांडी सरकवली, वर चकती चिकटवली. चकती आत उजेड सोडणार, रक्तात साखर जास्त तशी कांडी जास्त चमकणार, ती चमक मोजून चकती आकडा धाडणार लेकाच्या मोबाइलवर. झालं! त्या दिवसापासून लेकाने आईच्या तोंडाकडे बघणंच सोडलं.

एका दुपारी ती कारखान्यातून आली तीच भिंत धरत. घामाने निथळत होती.

"सूनबाई, मूठभर साखर दे गं. हातपाय गळालेत."

सुनेने डबा उघडला, तोच लेक ओरडला, "खबरदार! डबा बंद कर. आकडा बघ, साखर आभाळाला टेकलीय. आई, गोड खायची नाटकं पुरे!"

"मेल्या, जीव चाललाय माझा!"

"मोबाइल खोटं बोलतो का?"

म्हणजे आई खोटं बोलते! अरे, लाज कशी वाटत नाही? एवढ्यात ती ओट्याशी कोसळली. सुनेने नवऱ्याला ढकललं आणि सासूच्या तोंडात साखर कोंबली.

डॉक्टर घरी आले, बोटाला सुई टोचून रक्त तपासलं. एवढी साखर पोटात गेली, तरी आकडा तळाला. मग चकती काढून दंड पुसला, तर कापूस भडक गुलाबी! सकाळी चोळलेला रंग घामाबरोबर चकतीखाली उतरला होता. तोही उजेडात चमकणारा. चकतीने त्यालाच साखर धरलं.

"बघितलंस?" लेकाचा चेहरा खुलला. "सगळा घोळ रंगाचा! उद्यापासून तुझं काम बंद."

मिरचीच्या अंगात उठायचं त्राण नव्हतं, पण जिभेत होतं. "रंगाला काय कळतंय? चकतीला काय कळतंय? तू माझ्या पोटचा. समोर उभा राहून साखर मागत होते मी, आणि तू डबा बंद करायला लावलास!"

तिला उठवायला लेकाने हात पुढे केला.

तिने सुनेचा धरला.