पाहुण्यांकडे पाठ

खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि कर्वेनगरच्या घरी मला हॉलमध्ये ठेवलं. हवा येते म्हणून, असं सून म्हणाली. खरं कारण, सोफा तिथे आहे. आजारी माणसाला बघायला येणाऱ्यांना बसायला जागा लागते. आजाऱ्याला काय लागतं, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. मला एवढंच हवं होतं, वॉकर धरून स्वतःच्या पायांनी संडासला जायचं.

चहाच्या वेळेला लोक यायला लागायचे. दर्शन नीट व्हावं म्हणून पलंगाची डोक्याकडची बाजू उचलून मला बसती करायचे. बसती केली की मी घसरायची. मग मुलगा बगलेत हात घालून वर ओढायचा. हाड वर जायचं, कातडी चादरीला चिकटून खालीच राहायची. पाहुणे म्हणायचे, "किती करतो हो आईचं!"

येणारा प्रत्येकजण असंच हाड मोडून मेलेल्या कुणाची तरी गोष्ट सांगायचा. मग हडपसरहून यायला रस्त्यात किती वेळ गेला, ते. मग दुसरा चहा.

माकडहाडापाशी आग व्हायला लागली. उजवीकडे टाके होते, पण डाव्या कुशीवर झोपायला परवानगी होती. अडचण एवढीच, की पलंग भिंतीला लागून. डावीकडे वळलं की तोंड भिंतीकडे आणि पाठ सोफ्याकडे.

"आई, लोक एवढ्या लांबून येतात आणि तुम्ही पाठ करणार? बरं दिसतं का ते?"

"मग उशी पायथ्याशी घे. डोकं तिकडे करते."

"उत्तरेकडे? नको बाई, अभद्र असतं."

रोज कॉम्प्युटरवर अमेरिकेशी बोलणारी बाई ही.

विहीणबाई हवा भरलेली, मधे भोक असलेली रबरी चकती घेऊन आल्या. "अहो, हिच्यावर बसवा त्यांना. आमच्या सासूबाईंना शेवटपर्यंत हिच्यावरच ठेवलं होतं."

"उठल्या का त्या?" मी विचारलं.

"नाही हो, गेल्या."

तरी चकती माझ्याखाली सरकवलीच. वर मूठभर पावडर. आग दुप्पट झाली. चादरीवर पिवळट डाग पडला, तर सुनेने चहा सांडला असं ठरवून चादर बदलली.

टाके बघायला डॉक्टरीणबाई घरी आल्या. घरातले सगळे टाक्यांचं कौतुक ऐकत उभे.

"टाके राहू देत," मी म्हणाले, "माझं ढुंगण बघा."

मुलगा बाल्कनीत पळाला. बाईंनी मला वळवलं आणि जखमेच्या कडेला बोटाने दाबलं. "दाबल्यावर लाली जायला हवी, जात नाहीये. मधली कातडी सोलली गेलीय. आजी, कधीपासून दुखतंय?"

"सोफ्यावर माणसं बसायला लागली तेव्हापासून."

त्या हसल्या नाहीत. "अजून वरवर आहे. असंच चाललं तर हाडापर्यंत जाईल. मग वॉकर विसरा."

चकती त्यांनी स्वतः काढून कोपऱ्यात टाकली. तिच्या कडेने रक्त अडतं, म्हणाल्या. पावडर नको, चोळणं नको. सलाइनच्या पाण्याने धुवायचं, वर पट्टी. हवेची गादी आणा, पण ती आणली म्हणून कूस बदलणं सुटत नाही, दर दोन तासांनी ते हवंच. पलंग उचलायचा तो जेवणापुरता. वर सरकवायचं तर दोघांनी चादरीसकट उचलायचं, ओढायचं नाही. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. खाण्यात डाळी, पनीर, चालत असेल तर अंडं. "अंडं?" सून अशा सुरात म्हणाली, जणू बाईंनी बोकड कापायला सांगितलाय.

त्याच संध्याकाळी विहीणबाई आल्या. मी भिंतीकडे तोंड करून होते.

"झोपल्यात वाटतं."

"जागी आहे. बोला."

माझ्या पाठीला त्यांनी थोडं हवामान सांगितलं आणि चहा न घेता उठल्या. दुसऱ्यांनाही पाठीशी बोलायला जमेना. सोफा रिकामा पडायला लागला. सुनेला चार दिवस लाज वाटली, मग चहाचे कप घासायचे वाचतात हे तिच्या लक्षात आलं आणि ती वेळेवर कूस बदलून द्यायला लागली. जखम सावकाश भरत आली. भिंतीवरचा रंग कुठे कुठे सुटलाय ते मला पाठ झालं.

आता वॉकर घेऊन त्या सोफ्यासमोरूनच संडासला जाते.

चकती विहीणबाईंनी परत मागून नेली. त्यांच्या सोसायटीत कुणीतरी पडलंय म्हणे.