हलकं पॅडल

वरठीच्या रेल्वे फाटकाजवळ सेवकराम निखारेचं गॅरेज आहे. त्यावर पाटी नाही आणि पाटीवाचून कुणाचं अडलंही नाही. भंडारा ते तुमसर कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा की क्लच कुठे टाकायचा, तो वरठीकडेच बोट दाखवील. सेवकराम इंजिनाला हात लावत नाही, ब्रेककडे बघत नाही. "ज्याचं त्याले करू द्या," म्हणतो. क्लच मात्र त्याचा. क्लचवर पाय ठेवून गाडी हाकणारा ड्रायव्हर त्याला लांबून आवाजावरून कळतो, आणि मग तो त्या ड्रायव्हरची सगळ्यांसमोर अशी हजेरी घेतो की बिचारा आठवडाभर चप्पल काढून गाडी चालवतो.

पायाची ही समज त्याच्यात आईकडून आली. घर मोहाडीचं, कोष्ट्यांचं. बाप लवकर गेला तेव्हा जानकीबाई स्वतः मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली. पायाखालच्या पावड्या आळीपाळीने दाबायच्या, सूत वरखाली करायचं, मधून धोटा फेकायचा. पाय कमी पडला तर धोटा अडकतो, जास्त पडला तर सूत तुटतं. तिचं सूत फारसं तुटलं नाही. तिने त्या पावड्यांवर दोन पोरं वाढवली.

धाकटा कुंदन सेवकरामहून बराच लहान, आणि जन्मापासून सिकलसेलचा, रक्ताच्या आजाराचा. आमच्या भागात हा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सांध्यांत कळा उठल्या की पोर गुरासारखं ओरडायचं आणि सेवकराम त्याला सायकलच्या दांडीवर बसवून दवाखान्यात न्यायचा. शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीत कुंदन कायम कपडे सांभाळायला बसलेला. पळता येत नाही म्हणून असेल, पण त्याला पळणाऱ्या गाड्यांचं विलक्षण वेड. मोठा होऊन तो पुण्याला गेला, एका शोरूममध्ये बुकिंगच्या टेबलावर बसला, आणि काही वर्षांनी लंगडत कायमचा परत आला. डाव्या खुब्याचं हाड रक्त न मिळाल्यामुळे मरत चाललं होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाड खचायच्या आत सांधा बदलून घ्या. तारीखही दिली.

कुंदनच्या मागून ट्रकवर त्याची गाडी आली. लाल, दोन दारांची, टर्बोवाली स्पोर्ट्स कार, साठवलेल्या पैशांतून जुन्यात घेतलेली. मोहाडीत तशी गाडी तोवर फक्त पोरांच्या मोबाइलात दिसलेली. आधीच्या मालकाने हौसेने इंजिनाची ताकद वाढवली होती आणि क्लच जुनाच ठेवला होता. टर्बोचा जोर आला की क्लच घसरायचा, इंजिन बोंबलायचं आणि गाडी काही पुढे सरकायची नाही.

"दादा, ऑपरेशनच्या आधी मले ही गाडी एकदा चालवाची आहे," कुंदन म्हणाला. "कोणी बाजूले बसून नाही. मीच."

मग दोघे भाऊ मोबाइलवर क्लच निवडायला बसले. एका प्लेटवर अस्तराऐवजी तांब्याची बटणं होती. कुंदनला ती फार देखणी वाटली. सेवकरामने ती बघताच हात जोडले.

"हे शर्यतीच्या गाडीचं काम होय बाबू. बाजारातून नेशील तं गाडी बकऱ्यावानी उड्या मारन."

दुसऱ्या क्लचचं अस्तर साधं, पण ते दाबून धरणारी प्रेशर प्लेट जबरदस्त. तो घसरला नसता, धक्केही दिले नसते. या इंजिनाला तोच योग्य, यावर दोघांचं एकमत झालं. अडचण एकच होती, त्याचं पॅडल फार जड असणार होतं.

"तुझा डावा पाय काय म्हणते?" सेवकरामने विचारलं.

"पायाचं मी पाहतो. तू क्लच टाक."

क्लच आला. सेवकरामने गिअरबॉक्स उतरवला, फ्लायव्हील लेथवर घासून आणलं, प्लेट नेमकी मधोमध धरून बोल्ट समोरासमोरचे आवळत नेले. इतकं मन लावून त्याने कुठल्या ट्रकचंही काम केलं नव्हतं. सगळं जोडून झाल्यावर तो सीटवर बसला आणि पॅडल दाबलं. त्याची स्वतःची मांडी भरून आली. ट्रकांचे क्लच दाबण्यात आयुष्य गेलेला तो माणूस. कुंदन तेव्हा घरी गरम पाण्याची पिशवी खुब्याला लावून पडला होता.

सेवकरामने उठून फळीवरून एका छोट्या गाडीचा मास्टर सिलिंडर काढला. पॅडलचा जोर तेलावाटे क्लचपर्यंत नेणारी ही नळकांडी. ती बारीक घेतली की पॅडल हलकं होतं, फक्त जास्त खोल दाबावं लागतं. त्याने ती बसवली, पॅडलखालचा गालिचा कापून पायाला जागा केली. क्लच कुंदनने निवडलेलाच राहिला, पॅडल मात्र पोरीबाळींनी दाबावं असं झालं. पोराला एकदा तरी कळ न येता गाडी चालवता यावी, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यात काही पाप आहे असं तेव्हा कुणाला वाटलं असतं?

दुसऱ्या दिवशी कुंदन गाडीत बसला. दात आवळून त्याने पाय टाकला आणि पॅडल सरळ खाली गेलं. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा.

"दादा! हे जड पॅडल होय?"

सेवकराम पाना पुसत राहिला.

"माय! ओ माय! माझा पाय सुधरून राहिला!"

जानकीबाई तेव्हा डबा घेऊन गॅरेजमध्ये आली होती. तिने डबा खाली ठेवला आणि तिथेच उभ्या उभ्या चौंडेश्वरी देवीला हात जोडले. सेवकरामच्या ओठांवर खरं आलं होतं. आई रडत होती, भाऊ हसत होता. संध्याकाळी सांगू, असं म्हणून त्याने ते गिळलं. संध्याकाळपर्यंत कुंदनने नागपूरला फोन करून ऑपरेशनची तारीख रद्द केली होती.

नवा क्लच रुळायला वेळ लागतो. सुरुवातीला गाडी पळवायची नसते, सावकाश, थांबत थांबत न्यायची असते. म्हणून ती शर्यतीची गाडी मोहाडीत बैलगाडीच्या चालीने हिंडली. कुंदन आईला देवीच्या देवळात नेई, बाजाराला नेई. जानकीबाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन ऐटीत बसे आणि भेटेल त्याला सांगे, "डॉक्टर म्हणे पाय गेला. अन् पोरगा पहा, केवढं जड पॅडल दाबून राहिला!" त्या दोघांचे ते दिवस फार सुखाचे गेले, हे खोटं नाही.

सेवकरामला मात्र घास गोड लागेना. तो कुंदनच्या मागे लागला, ऑपरेशन करून घे, तारीख पुन्हा माग.

"काहून दादा? सांधा खराब असता तं हे पॅडल दाबलं असतं का मी?"

एकदा सेवकरामने मनाचा हिय्या केला. कुंदनच्या शेजारी गाडीत जाऊन बसला आणि घसा खाकरला. तेवढ्यात कुंदनच म्हणाला, "दादा, लहानपणापासून सगळे मले सांभाळूनच राहिले. तू मजबूत आहेस, असं पहिल्यांदा कोणी म्हटलं असन तं या गाडीनं." सेवकराम दार उघडून उतरला. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

थंडी पडली. एका सकाळी गाडीतून उतरताना कुंदनचा खुबा खचला आणि तो अंगणातच कोसळला. दवाखान्यात पडल्या पडल्या कळा सुरू झाल्या, मग छातीत पाणी झालं. चार दिवसही काढले नाहीत त्याने. असं छातीचं दुखणं ऑपरेशननंतरही आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. भल्या माणसाने धीर देण्यासाठी तसं सांगितलं. सेवकरामला तो धीर आजतागायत लागू पडलेला नाही.

तेरवी झाली. गाडी अंगणातच उभी होती. कुणी भेटायला आलं की जानकीबाई एकच सांगे, "गेला, पण पाय सुधरून गेला माझा पोरगा." त्या एका वाक्यावर बाई तगून होती.

एका दुपारी ती सेवकरामला म्हणाली, "गाडी उघड. मले ते पॅडल एकदा दाबून पाहू दे."

"कायले माय? तुझे गुडघे सुजले आहेत."

"उघड म्हटलं नं."

त्याने दार उघडलं. ती लुगडं सावरत सीटवर बसली आणि सुजलेला पाय पॅडलवर ठेवला. सगळा जोर लावायच्या तयारीने तिने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. पॅडल खाली गेलं. तिने पाय उचलला, पुन्हा हळूच दाबलं, जसं नवं सूत लावल्यावर पावडी दाबून बघत असे.

"हे जड होय?" तिने विचारलं.

गाडी उभी राहून पॅडल ढिलं झालं, असं सांगायला त्याने तोंड उघडलं. पण त्या पायाशी खोटं बोलायची त्याची छाती झाली नाही.

"मीच हलकं केलं होतं, माय. त्याले दुखू नये म्हणून."

"म्हणजे पाय तसाच होता त्याचा."

"हो."

"अन् त्याले माहीत नव्हतं."

"नाही."

तेवढ्यात अंगणाचं फाटक वाजलं. पवनीच्या सुशीलाबाई, दूरच्या नात्यातल्या, उशिरा कळलं म्हणून आत्ता भेटायला आल्या होत्या. सेवकरामने आईला हात देऊन उतरवलं. सुशीलाबाईंनी तिला मिठी मारली, रडणं झालं, मग त्यांनी विचारलं, "लय दुखत होतं का व पोराले?"

"नाही व बाई," जानकीबाई म्हणाली. "शेवटी शेवटी पाय चांगला झाला होता त्याचा. केवढं जड पॅडल दाबे. विचार सेवकरामले. त्यानंच तं बसवलं होतं."

सुशीलाबाईंनी सेवकरामकडे पाहिलं. त्याने मान डोलावली.

त्या रात्री आई आपल्याला शिव्या देईल, तळतळाट देईल, म्हणून तो तिच्या खाटेजवळ जाऊन बसला. तिने फक्त विचारलं, "जेवला का?"