वायरमन काकांनी गिटार कोरली

वायरमन काकांच्या खिशात टेस्टर नाही, असा एकही प्रसंग मला आठवत नाही. लग्नाला टेस्टर, मयताला टेस्टर, जयंतीच्या स्टेजवर पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या खिशातही तोच पिवळ्या मुठीचा टेस्टर. स्टेजवर चढले की आधी माइकच्या दांड्याला तो टेकवायचे, दिवा लागत नाही ना ते बघायचे आणि मगच गिटार गळ्यात अडकवायचे. "शॉक खाऊन नाचायला आपण काय हीरो आहोत का?" असं म्हणायचे.

दिवसा ते भांडुपच्या सोसायट्यांमधून वायरिंगची कामं करत आणि संध्याकाळी भीमगीतांच्या पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवत. पार्टी म्हणजे मुळात काकू. काकू गायच्या आणि पेटीही स्वतःच वाजवायच्या, काका त्यांच्या डाव्या हाताला उभे राहून साथ करायचे. आमचं घर त्यांच्या समोरचं. आम्ही कोकणातले, आमच्या घरात भजन आणि टाळ, पण मला गिटारचं वेड लागलं ते त्यांच्या दारात बसून. शिकवण्याची त्यांची पद्धत मात्र मला शेवटपर्यंत उमगली नाही. "काका, हे बोट इथेच का?" असं विचारलं की उत्तर एकच, "लाईन आली की कळेल." वीज गेलेल्या घरातल्या बाईला सांगावं तसं. बरीच वर्षं माझी लाईन काही आली नाही.

काकू गेल्या आणि पार्टी बसली. पेटीवर काकूंचंच एक लुगडं घडी करून पडलं. मग त्यांच्या मुलीनं, सुजातानं, ठरवलं की येत्या जयंतीला आपण गायचं. सुजाता माझ्या वर्गातली, मुलुंडच्या एका हॉस्पिटलात नर्स, आवाज आईचा आणि जीभही आईचीच. तिनं कीबोर्डवाला आणला, बासरीवाला आणला, पेटी स्वतः घेऊन बसली, आणि पहिल्याच तालमीत सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. पेटी बाकीच्यांपेक्षा चिमूटभर वर बोलत होती.

ती तशी पहिल्यापासूनच होती म्हणे. जुनी पेटी, कुणी कधी लावून घेतलीच नाही. काकूंच्या पार्टीत सगळे पेटीकडे बघूनच आपापलं वाद्य लावायचे, त्यामुळे कुणाला पत्ताच नव्हता. आता कीबोर्ड वर चढवावा तर बासरी बोंबलते. घाटकोपरचे पेटीवाले म्हणाले, द्या इकडे, आतल्या पितळी पात्या घासून सूर खाली आणून देतो. सुजातानं भीतभीत काकांकडे पाहिलं.

"दे की," काका म्हणाले. "पेटी वाजती राहिली पाहिजे. फक्त पुढच्या सोमवारी दे. त्याआधी नको."

"सोमवारीच का?"

"माझं एक काम आहे."

दुसऱ्याच दिवशी सकाळी ते माझ्याकडे हजर. "मोबाइलवर तो लॉकवाला दांडा मागव," म्हणाले. मला आधी वाटलं दाराचं काहीतरी. मग त्यांनी हातवारे करून सांगितलं तेव्हा मी चाट पडलो. त्यांना गिटारसाठी लॉकिंग ट्रेमोलो हवा होता. म्हणजे असं की, गिटारवर तारा जिथे खाली अडकतात तो ब्रिज काढून स्प्रिंगवर झुलणारा दुसरा बसवायचा. त्याचा दांडा दाबला की सूर घसरगुंडीवरून खाली येतो, सोडला की जागच्या जागी परत. आणि वर मानेजवळ तारा लोखंडी चापांखाली अशा आवळायच्या की मग खुंट्या कितीही पिळा, सूर हलत नाही.

"काका, हे डोकं आपटत वाजवणाऱ्या केसाळ पोरांसाठी असतं."

"मला केस नाहीत, ते मला पण दिसतंय. तू मागव."

ज्या माणसानं आयुष्यभर साध्या साथीपलीकडे काही वाजवलं नाही, त्याला या वयात हा दांडा कशाला हवा? मला तर वाटलं, काकूंच्या जाण्यानं काहीतरी सरकलंय. आणि ती गिटार साधीसुधी नव्हती. काकूंना भिशी लागली तेव्हा त्या एकट्या पार्ल्याला जाऊन एका कॉलेजच्या पोराकडून ती सेकंडहँड घेऊन आल्या होत्या, गोधडीत गुंडाळून, नवऱ्याला न सांगता. तो ब्रिज बसवायचा तर त्या गिटारला आरपार कोरावं लागणार होतं. एकदा कोरली की परत काही पहिल्यासारखी होत नाही.

काकांनी कोरली. रविवारी सकाळी गॅलरीत पोतं पसरलं, गिटार उताणी ठेवली, खिशातला टेस्टर काढून सवयीनं तिच्या स्क्रूला लावला (वायर कुठेच जोडलेली नाही, तरी), आणि छिन्नी चालवली. भिंतीत वायरसाठी खाच मारतात तशी सरळ, शांत. माझी आई दारातून बघत होती. "ह्येका याड लागला काय रे? बायलेन दिलेली वस्तू कोणी फोडता?" सुजाता ड्यूटीवरून आली, तिनं लाकडाचा भुगा पाहिला आणि रडायलाच लागली. "आईनं तुम्हाला दिलेली एवढी एकच वस्तू होती घरात. तीही फोडा." काकांनी खाचेतला भुगा फुंकून काढला. माझाही जीव तुटत होता, पण मी काय बोलणार, ब्रिज मीच मागवलेला.

दुपारी सूर लावायला बसलो. त्यांनी लुगडं बाजूला करून पेटी ओढली आणि मला म्हणाले, भाता मार आणि ही पट्टी धरून ठेव. मी म्हटलं, काका, मोबाइलमध्ये ट्यूनर आहे, काटा दाखवतो. त्यांनी माझा मोबाइल उचलून पालथा ठेवला. "त्याला काय माहीत?" एवढंच. त्या झुलत्या ब्रिजची गंमत अशी की एक तार आवळली की बाकीच्या पाच उतरतात. त्या लावाव्यात तर पहिली परत गेली. मी वैतागलो. "संसारात पण असंच असतं," काका म्हणाले, "एकाला आवळलं की बाकीचे सैल पडतात. फिरून फिरून लावायचं." चहा झाला, आरे कॉलनीत राहणारे त्यांचे एक पाव्हणे येऊन गेले, काका लावतच होते. शेवटी त्यांनी छोट्या पान्यानं वरचे चाप करकचून आवळले, तो पाना काळ्या दोऱ्यानं गिटारच्या डोक्याला बांधला आणि म्हणाले, "झालं. आता हलत नाही."

दांडा त्यांनी लावलाच नाही. हत्याराच्या पिशवीत टाकून दिला. सोमवारी पेटी घाटकोपरला गेली.

मग जयंती आली. सुजाता मस्त गायली, पेटी, कीबोर्ड, बासरी सगळे एका सुरात. काका साथीला उभे राहिले ते माझी गिटार घेऊन. मी हैराण. "एवढी कोरलेली कुठंय?"

"घरी."

"मग कोरली कशाला?"

"लाईन आली की कळेल."

त्यानंतर रोज संध्याकाळी समोरच्या घरातून ती गिटार ऐकू यायची. एकटेच वाजवायचे, काकूंच्या गाण्यांची नुसती साथ. मध्ये गाणं नाहीच. कुणी बरोबर वाजवायला बसलं की गिटार भिंतीला टेकवून चहा टाकायला उठायचे. सुजाता म्हणायची, बाबांचं काही कळत नाही. मलाही कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा थोडा रागच होता.

यंदा थंडीत काका झोपेतच गेले. टेस्टर सुजातानं ठेवून घेतला आणि गिटार घेऊन ती माझ्या घरी आली. "तू वाजवतोस, तूच ठेव. मला तिच्याकडे बघवत नाही." आईनं तिच्या हातात चहाचा कप दिला. मी मोबाइल काढला, ट्यूनर लावला. पहिली तार काट्याच्या थोडी वर. दुसरीही थोडी वर. सहाच्या सहा, सारख्याच वर. मी चक्रावलो. तारा पडून राहिल्या की सूर खाली उतरतो, वर कसा चढेल? आणि चढलाच तर सगळ्या मापून चढतील? म्हटलं, जाऊ दे, चाप सोडू आणि नीट लावू. काळा दोरा सोडवून पाना हातात घेतला, सूर बघायला म्हणून शेवटचा एकदा सगळ्या तारांवरून हात फिरवला.

"थांब," सुजाता म्हणाली. "परत वाजव."

मी परत वाजवलं. तिच्या हातातला कप तसाच राहिला. मग ती अगदी हळू म्हणाली, "पेटी. आईची पेटी. घाटकोपरला जायच्या आधीची."

भाता मीच मारला होता. पट्टी माझ्याच बोटाखाली होती. मी पाना खाली ठेवला. सुजाता डोळे पुसत होती. "मला सांगितलं असतं ना, तर मी पेटी दिलीच नसती रे. म्हणून नाही बोलले."

मी साथ धरली. ती आईचं गाणं सुरू करायला गेली, पण आता तिच्या गळ्याला पेटीच्या नव्या सुराची सवय, पहिल्याच ओळीत सूर खाली लागला. माझा हात आपोआप पान्याकडे गेला. तिनं मनगट धरलं.

"खाली घेऊ नकोस," ती म्हणाली. "मी वर येते."