बाहेरचीच्या वाट्याची सुकडी

नातीच्या शाळेतून परवा एक कागद आला. पाळीच्या दिवसांत मुलींनी काय खावं, त्याची यादी. गूळ-शेंगदाणे, दूध, पालेभाजी, अंडं. वाचून माझं डोकंच फिरलं. राग त्या कागदाचा नव्हता, आमच्या घराचा होता. हीच यादी आमच्याकडेही होती, फक्त ती बाईला काय द्यायचं नाही याची होती.

बहात्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्षांची होते. सोनईजवळच्या आमच्या गावात विहिरींचा तळ दिसत होता. आई आणि मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो. घरात राज्य थोरल्या चुलतीचं. रेशनवरच्या मिलोच्या, त्या लाल परदेशी ज्वारीच्या, भाकरी ती थापायची आणि कुणाला किती, तेही तीच ठरवायची.

कावळा शिवला की आमची जागा गोठ्यात. गुरं छावणीला गेली होती, म्हणून गोठा मोकळाच होता. चुलती वरून एक भाकरी टाकायची, तिच्यावर चिमूटभर मीठ-मिरची. शेळीचं वाटीभर दूध निघायचं, पण बाहेरचीनं दूध प्यालं तर शेळी आटते म्हणे. गूळ तर नावच काढायचं नाही. "गोडानं अंगावरून जास्त जातं," चुलती म्हणायची. हे तिला कोणत्या डॉक्टरनं सांगितलं होतं, देव जाणे.

पण सकाळ झाली की तीच चुलती गोठ्याच्या तोंडाशी यायची. "ऊठ गं, हजेरी बुडंल." खडी फोडायला आमचा विटाळ आडवा येत नव्हता. दिवसभर हातोडी चालवायची, ओटीपोटात कळा, मांड्यांमधलं फडकं घामानं नि रक्तानं कडक झालेलं, आणि पोटात काल रात्रीची एक भाकरी.

दुपारी कामावर सुकडी वाटायचे. गव्हाच्या पिठाची, गूळ घातलेली, भुरभुरीत. जिचा वाटा तिच्या हातात. इतर दिवशी मी तिथंच फस्त करायची. त्या चार दिवसांत मात्र ती फडक्यात बांधून घरी न्यायची, असा चुलतीचा हुकूम होता. मीही गाढवासारखी न्यायची. दारात पोचल्यावर सुकडी लांबूनच ताटलीत ओतायची. चुलती तिच्यावर छावणीतून आणून ठेवलेल्या गोमूत्राचे चार थेंब शिंपडायची आणि ताटली माझ्या थोरल्या भावापुढं सरकवायची. तो मॅट्रिकला होता, त्याला ताकद हवी होती. तो निमूट खायचा. त्याला माहीत होतं ती कुणाची आहे, म्हणून त्याला मी कधी माफ केलेलं नाही.

एकदा माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि हातोडी बोटावर बसली. त्या संध्याकाळी बोटाला चिंधी बांधून मी दारात उभी राहिले आणि विचारलं, "चार थेंबांनी सुकडी सुद्द हुती, तर माज्यावर शिंपड की. आन मग मला खाऊ दे."

थोबाडीत बसली. चुलतीची नव्हे, आईची. अंघोळ करावी लागेल याचंही तिला भान राहिलं नाही. नंतर थंड पाण्यानं न्हाताना ती रडत होती. मला तिची अजिबात दया आली नाही.

पुढच्या महिन्यापासून मी चारही दिवस रांगेतच सुकडी खायला लागले. घरी सांगायची, "आज वाटलीच न्हाई." आईला ठाऊक होतं. तिनं चुलतीला सांगितलं नाही.

मग आईची पाळी आली. त्या दिवशी ती खडीच्या ढिगावर हातोडी टेकवून नुसतीच बसली होती, चेहरा पांढराफटक. तिच्या वाट्याची सुकडी पदराच्या गाठीत होती.

"आये, खा."

"मला न्हाई चालत."

"फोडायला चालतंय आन खायाला न्हाई व्हय?"

मी तिच्या पदराची गाठ सोडली, मूठभर सुकडी घेतली आणि तिच्या तोंडात कोंबली. प्रेमानं नव्हे, संतापानं. वाटलं थुंकेल. पण तिनं डोळे मिटले आणि भराभरा चावायला लागली. उरलेली तिनं स्वतःच्या हातानं खाल्ली. पदर झटकून कणसुद्धा वेचले. एवढी भूक तिनं किती वर्षं दाबून ठेवली होती, या विचारानं मला कुणाला तरी ती हातोडी फेकून मारावीशी वाटली.

सुट्टी झाल्यावर आम्ही घराकडं निघालो. गावाच्या अलीकडं आई थांबली. माझ्याकडं तांब्या होता, त्यातलं पाणी तिनं ओंजळीत वरून ओतायला लावलं. दोनदा खळखळून चूळ भरली, पदरानं ओठ घासून पुसले आणि माझ्यासमोर तोंड उघडून उभी राहिली.

"बघ गं," ती म्हणाली, "गुळाचा वास येतुय का?"