पूर्ण विचारांती

तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. विभागात ते एकटेच, म्हणून प्रमुखही तेच. त्याच विद्यापीठाच्या प्रवेश कक्षात मी चौतीस वर्षं अर्ज तपासतो आहे, आणि त्यातली निम्मी भाऊजींनी घातलेले घोळ निस्तरण्यात गेली. एकदा त्यांनी एका विद्यार्थ्याला बावन्न गुण देऊन पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते गुणपत्रक घेऊन तीन मजले मीच चढलो.

यंदा पत्र आलं की सात विद्यार्थी नसतील तर विभाग बंद. भाऊजींच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. ती त्यांना ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक चिकटवत काढावी लागली असती. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत अर्ज होते सहा.

चार वाजता सातवा अर्ज घेऊन एक मुलगी आली. कागद हातात आला की आधी शिक्का मारायचा ही माझी सवय. 'प्राप्त', तारीख, वेळ. मग घोळ नको म्हणून तिला मी स्वतःच वर भाऊजींकडे घेऊन गेलो.

अर्जाच्या तळाशी छापलेलं असतं: 'विद्यार्थ्याने हा विषय पूर्ण विचारांती निवडला आहे.' खाली प्रमुखांची सही. बाकीचे बावीस प्रमुख ते न वाचता सही ठोकतात. भाऊजींनी वाचलं आणि चष्मा काढला. चष्मा उतरला की अर्धा तास चर्चा ठरलेली.

"हाच विषय का?"

"बी.कॉम. केलं, सर. सगळं जमायचं, पण कशासाठी ते कळायचं नाही."

"इथे कळेल?"

"माहीत नाही."

"मग पूर्ण विचार कुठे झाला? मी खोटी सही कशी करू?"

"भाऊजी, पाचला खिडकी बंद होते!"

"अहो, घड्याळात पाच वाजले म्हणून खोटं खरं होतं का?"

मुलगी म्हणाली, "सर, पूर्ण विचार आधीच झाला असता तर शिकायला कशाला आले असते?"

झालं! भाऊजी खडू घेऊन उभे राहिले. तीही उठली. तेवढ्यात ताईचा फोन.

"झाली का रे सही?"

"अर्धा फळा झालाय."

"त्यांना फळ्यापासून लांब ठेव म्हटलं होतं ना तुला? मला बघायला आले तेव्हा 'होकार म्हणजे नेमकं काय' यावर बाबांना दोन तास बसवलं होतं यांनी!"

पाच वाजून दहा मिनिटांनी भाऊजी वळले. "हिला घ्यायलाच हवं!"

"खिडकी बंद झाली," मी म्हणालो.

मुलगी खाली बसली. भाऊजींच्या हातात खडू तसाच राहिला. इतक्या वर्षांत प्रथमच ते स्वतःहून फळा पुसू लागले. ते बघवेना.

"नियम अकरा," मी म्हणालो. "अर्ज वेळेत आला असेल तर त्रुटी तीन दिवसांत दुरुस्त करता येते. शिक्का चार वाजून पाच मिनिटांचा आहे. करा सही."

त्यांनी पेन उघडलं, पुन्हा वाचलं. 'पूर्ण' खोडून वर 'जमेल तेवढ्या' लिहिलं आणि मगच सही केली. खाडाखोडीशेजारी तपासणाऱ्याची आद्याक्षरं लागतात. असली दुरुस्ती मी जन्मात मंजूर केली नव्हती. दात-ओठ खात केली.

"सर, तास कधी सुरू होतील?" मुलीने विचारलं.

भाऊजींनी चष्मा काढला. मी अर्ज उचलून जिना गाठला.