मी जेवलो

कोल्हापूरला ताईकडे दुपारची जेवणं चालली होती आणि टीव्हीवर बातमी लागली. मालिकांमधल्या एका नावाजलेल्या नटाने जाहीर केलं होतं, मी मनाने बाई आहे, यापुढे मला ‘ती’ म्हणा. निवेदक मात्र पुन्हापुन्हा ‘तो’च म्हणत होता. भाऊजींनी हातातला घास तसाच धरून विचारलं, “आता हा आला म्हणायचं, की ही आली?” आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

ताईची लेक ईशा ताटावरून उठली. “मी जेवलो,” म्हणाली. तिकडच्या कितीतरी मुली असंच बोलतात, मुलग्यांसारखं. त्यात कुणालाच कधी वावगं वाटत नाही.

“बस की गं, भात घे,” ताई म्हणाली.

“आई, मी हे नुसतं सवयीनं बोलत नाही. मला आतून तसंच वाटतं,” ईशा शांतपणे म्हणाली. “टीव्हीवरच्या माणसाला तुमचं हसणं ऐकू जात नाही. मला जातं.”

भाऊजींनी टीव्ही बंद केला. भात निवत राहिला.

संध्याकाळी ईशा मला स्टँडवर सोडायला आली. ‘तुला मी काय म्हणू?’ एवढंच विचारायचं होतं, पण धीर झाला नाही. एसटी सुटताना खिडकीतून मी म्हटलं, “जप हं. फोन कर.” मुलगा की मुलगी ते बोलावंच लागू नये, अशी वाक्यं मी शोधून काढली होती. ईशाने हसून हात केला. मला त्या हाताकडे नीट बघवलं नाही.