सरकलेल्या साच्याचं नाणं

आमच्या घरात पैसा पिशवी भरभरून येतो आणि पिशवी भरभरूनच जातो. ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात, म्हणून आधीच सांगते, ती सगळी चिल्लर असते.

आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद केलं तेव्हा हत्यारं विकली, खुर्ची कुणाला तरी देऊन टाकली, पण डोळ्याला लावायचं भिंग तेवढं घरी आणलं. मला वाटलं, आठवण म्हणून आणलं असेल. कसली आठवण! दुसऱ्याच आठवड्यात बँकेतून कागदात गुंडाळलेल्या नाण्यांच्या पुंगळ्या आल्या आणि खिडकीजवळच्या टेबलावर यांनी बस्तान मांडलं, ते आजतागायत.

त्यांचं शास्त्र मला ऐकून ऐकून पाठ झालंय. नाणी साच्याने पाडतात. साचा घडवताना दोनदा दाब बसला आणि मधे तो केसभर सरकला, तर साच्यावरच अक्षरं दुहेरी उमटतात. मग त्यातून निघणारं प्रत्येक नाणं तसंच, दुहेरी अक्षर फुगीर आणि टोकाला खाच, आणि शौकिनांना ते जीव की प्राण. पण त्याचा एक तोतयाही आहे. नाणं पाडताना यंत्र हललं, तरी अक्षराच्या कडेला सपाट पायरी दिसते. ते ‘हललेलं’. त्याला कुत्रं विचारत नाही.

“म्हणजे टांकसाळीची चूक शोधायची आणि आपण खूश व्हायचं,” मी म्हटलं.

“सापडली तर खूश,” हे म्हणाले.

बारीकसारीक काही सापडलीही. पण भिंगाशिवाय दिसेल असं ठसठशीत एकही नाही. तसं एक तरी आपल्या घरात निघावं, एवढीच या माणसाची हौस. बाकी साडी-दागिन्यांपासून बंगल्यापर्यंत सगळ्या हौशी मीच केल्या, मनातल्या मनात.

पुंगळ्या चौकातल्या बँकेतून घ्यायच्या आणि पाहून झाल्या की पुलापलीकडच्या बँकेत भरायच्या. जिथून घेतल्या तिथेच दिल्या तर तीच नाणी फिरून आपल्याच गळ्यात पडतात. चौकातला कॅशियर यांना बघून खुलतो. पुलापलीकडचा यांना बघितलं की चहाला उठतो.

गेल्या हिवाळ्यात मात्र घबाडच लागलं. ज्या पुंगळीला हात घालावा तिच्यात दुहेरी नाणं! बिस्किटांचा डबा भरत चालला. हे गुणगुणायला लागले, मला आपणहून चहा करून द्यायला लागले. मी म्हटलं, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मग डबा दाखवायला यांनी आपल्या मित्राला बोलावलं. तोही नाण्यांतला मुरलेला. पोस्टमन होता, निवृत्त झाला तरी सगळे पोस्टमनच म्हणतात.

पोस्टमनने एक नाणं पाहिलं, दुसरं पाहिलं, पाचवं पाहिलं. शेवटी एक नाणं यांच्या हातात देऊन म्हणाला, “हे भिंगाखाली जरा गोल फिरवून बघा. साच्याची चूक नाण्याबरोबर फिरते. तुमच्या अक्षरांची सावली फिरतेय का?”

यांनी नाणं फिरवलं. पुन्हा फिरवलं. “नाही,” ते हळूच म्हणाले. “वरच राहतेय.”

मग डावा डोळा मिटून त्यांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीच्या आडव्या गजांवरही तशीच सावली होती.

डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू, ऑपरेशन साधं आहे. पण हे ऐकतील तर शपथ! “तो माझा भिंगाचा डोळा आहे. आयुष्यभर त्याच्यावर पोट भरलं. उद्या काही बिघडलं तर?” डबा कपाटावर गेला. टेबल रिकामं झालं. ज्या खणखणाटाने माझं डोकं उठायचं, तो थांबला तर मला घर खायला उठलं. हे दिवसभर खुर्चीत नुसते बसून. माझ्याने बघवेना.

“घड्याळात धूळ गेली तर उघडू नका, असं कुठल्या गिऱ्हाइकाला सांगितलंत का कधी?” मी एकदा फटकारलंच. दुसऱ्या दिवशी यांनी दवाखान्यात नाव घातलं.

ऑपरेशन झालं. भिंगाला डॉक्टरांची बंदी, आणि डावा डोळा भिंगाला सरावलेला नाही. पण चौकातल्या कॅशियरने आठवणीने पुंगळ्या ठेवल्या होत्या, त्या मी आणल्या. “तू बघ आणि सांग,” हे पलंगावरून म्हणाले. ते भिंग माझ्या डोळ्यात टिकेना, चार वेळा आमटीत पडता पडता वाचलं. तरी नेटाने बघत राहिले.

आणि एके दुपारी मी ओरडलेच, “अहो, याचं साल दोनदा छापलंय!”

“हललं असेल. कड सपाट आहे ना?”

“नाही, फुगीर आहे. आकड्यांच्या टोकाला खाच पण आहे.”

“पहिल्याच फटक्यात? लोकांचे जन्म जातात त्यात. ठेव परत.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नाणं काही मी परत ठेवलं नाही. ते खुपसलं यांच्या डब्यात, पार तळाशी.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच दिवशी यांनी डबा खाली काढला. भिंग लावलं. “साधं,” म्हणून एक नाणं बाजूला ठेवलं. “साधं.” पुन्हा “साधं.” मी समोर शेंगा सोलत होते, पण लक्ष कुठलं लागतंय! साध्यांचा ढीग वाढत गेला आणि यांचा आवाज उतरत गेला. डबा आधीच बँकेत रिकामा करून का नाही आले मी, असं झालं मला.

डब्याच्या तळाशी येऊन हे थांबले. हातातलं नाणं फिरवलं. पुन्हा फिरवलं. भिंग काढून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.

“अगं, फिरतेय! सालाची सावली नाण्याबरोबर फिरतेय!”

मी ठरवून टाकलं की तोंड उघडायचं नाही. त्यांच्याच डब्यातलं, त्यांचंच असू दे. माझ्यासारखीने गप्प बसणं म्हणजे थोडंथोडकं नाही. “मिळालं ना शेवटी तुम्हाला,” एवढंच म्हटलं.

यांनी नाणं उजेडात तिरकं धरलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

“हे माझं नाही. याच्यावर बरोबर मधोमध अंगठा उमटलाय. नाणं कडेने धरायचं, हे तुला कितीदा सांगितलं?”

चोरी पकडली गेली. मी फडकं घेऊन पुढे झाले, “द्या, पुसून देते.”

यांनी हात झटकन मागे घेतला. “पुसू नकोस. तुझाच आहे, राहू दे.” मग एक नवी पुंगळी फोडली आणि अर्धी नाणी माझ्या शेंगांच्या ताटाशेजारी ओतली.